वोन्टमधला ओ

मागच्या डिसेंबरात एका लग्नासाठी आटपाडीला गेले होते. अक्षता पडल्या, पण पहिल्या पंगतीला नंबर लागेना. मांडवात नुसतं बसून काय करायचं म्हणून पाय मोकळे करायला निघाले आणि पाय आपसूक शाळेकडे वळले. शाळा आता दुमजली झाली आहे, भिंतींना पिवळा रंग आहे, फाटकाशी फुलझाडं आहेत. पण मागच्या बाजूला जुन्या पाच खोल्यांची कौलारू ओळ अजून उभी आहे. त्यातल्या चौथ्या खोलीत आमची आठवी भरायची. आता तिथं मोडकी बाकं रचून ठेवली आहेत. मी खिडकीच्या गजांना नाक लावून उभी राहिले, तर आतून खडूचा, धुळीचा आणि जुन्या लाकडाचा वास आला. वास तोच होता. त्या वासाबरोबर एका दमात तीस मुलांचा ओरडा आला, कानात नव्हे, छातीत कुठंतरी: "ओ, भायेर! ओ, भायेर!"

त्यात माझाही आवाज होता. ते आधी सांगून टाकते.

एकसष्ट-बासष्टचा सुमार असेल. माझे वडील सरकारी दवाखान्यात कंपौंडर होते आणि साताऱ्याहून त्यांची बदली आटपाडीला झाली होती. साताऱ्याला आमच्या खिडकीतून डोंगर दिसायचा, पावसाळ्यात धुकं घरात यायचं आणि अंथरुणं चार-चार दिवस ओली राहायची. आटपाडीत यातलं काहीच नव्हतं. आभाळ मात्र इतकं मोठं, की पहिले काही दिवस मला अंगणात उभं राहायचीच भीती वाटायची. वारा दिवसभर वाहायचा आणि त्याला मेंढरांच्या लोकरीचा, तापलेल्या मातीचा आणि कुठल्यातरी घरी भाजल्या जाणाऱ्या भाकरीचा वास असायचा. शाळेच्या मागच्या वाटेनं सकाळी मेंढरं जायची. त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज सुरू झाला की मास्तर शिकवायचे थांबत. कळप पुढे जाईपर्यंत आम्ही सगळे गप्प बसून राहायचो. ती आमची बिनघंटेची सुट्टी.

वर्गात आम्ही मुली सहाजणी. माझ्या बाकावर कमळ बसायची. काळीसावळी, ठेंगणी, केसांना भरपूर तेल आणि डोळे सतत काहीतरी मोजत असल्यासारखे. तिचे वडील माधवनगरच्या गिरणीत होते, सणासुदीला यायचे. आई दुसऱ्यांच्या रानात कामाला जायची. त्यांच्या घराण्यानं बौद्ध धर्म घेतला त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. माझं साताऱ्याचं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "तू लय सावकाश बोलतीस गं. तुझं वाक्य संपंस्तवर माझी भाकरी खाऊन व्हईल." तिथपासून आमची मैत्री.

आमच्या वेळी इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. पहिले चार-पाच महिने आम्ही ए-बी-सी-डीतून बाहेर पडून 'आय डू नॉट गो' इथपर्यंत रखडत आलो होतो. दिवाळीनंतर नवे सर आले. शिकलगार सर. त्यांचे वडील गावोगाव फिरून विळ्या-कात्र्यांना धार लावायचे. सर मात्र पलटणीत कारकून होते आणि तिथून सुटल्यावर मास्तर झाले होते. सायकलवरून यायचे, खाकी पँटला खाली क्लिप लावलेली असायची, आणि वर्गात आल्यावर ती क्लिप काढायला नेहमी विसरायचे. त्यांचं इंग्रजी आमच्या पुस्तकातल्या इंग्रजीसारखं वाटायचंच नाही. ते भराभर, गोळीबंद यायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमचं 'आय डू नॉट गो' ऐकलं आणि म्हणाले, "अरे, असं बोलत बसलात तर समोरचा माणूस निघून जाईल. साहेब लोक 'डू नॉट' म्हणतच नाहीत. 'डोन्ट' म्हणतात. तुम्ही घरी 'काय आहे' म्हणता का?"

"न्हाई," वर्ग म्हणाला. "'काय हाय' म्हंतो."

"आणि घाईत?"

"'काय्'!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसलो.

"तेच. बोलताना शब्द एकमेकांना चिकटतात. चिकटताना एखादं अक्षर बाहेर पडतं. ते जिथून पडलं, तिथं वर एक खूण करायची." त्यांनी फळ्यावर 'डोन्ट' लिहिलं आणि एनच्या आणि टीच्या मध्ये, वरच्या अंगाला, शेपटीवाला एक ठिपका काढला. त्या खुणेचं इंग्रजी नाव त्यांनी तीनदा सांगितलं. आमच्या कुणाच्याच तोंडात ते मावेना. अपास्टप, आपट्राफी, काहीही व्हायला लागलं.

कमळ माझ्या कानात पुटपुटली, "डोस्क्यातली ऊ."

मी फिस्सकन हसले. सरांनी दोघींना उभं केलं, कमळ काय म्हणाली ते विचारलं. कमळनं खाली मान घालून सांगितलं. सर फळ्यावरच्या खुणेकडे वळून बराच वेळ बघत राहिले आणि मग स्वतःच खो-खो हसले. "बरोबर आहे. ऊच आहे. आजपासून हिचं नाव ऊ."

मग त्यांनी तो खेळ काढला. धाकट्या भावंडांच्या पाट्या आणायला सांगितल्या. एकेका पाटीवर एकेक अक्षर. पाटी छातीशी धरून मुलं फळ्यापुढे ओळीनं उभी राहायची: डी, ओ, जरा अंतर सोडून एन, ओ, टी. सरांनी टाळी वाजवली की दोन्ही शब्दांनी एकमेकांकडे सरकायचं, नॉटमधल्या ओनं ओळ सोडून दाराबाहेर जायचं आणि त्याच्या जागी ऊची पाटी घेतलेला तुका धावत येऊन उभा राहायचा. तुका सगळ्यांत उंच होता, त्यामुळे ऊ आपोआप वर दिसायची. मग वर्गानं एका सुरात ओरडायचं, "डोन्ट!"

आम्हाला वेडच लागलं. इज नॉटचं इझन्ट, कॅनॉटचं कान्ट, डिड नॉटचं डिडन्ट. खडूची धूळ, ओल्या पाटीचा गारवा, फळ्याला नुकत्याच फासलेल्या कोळशाचा आणि पाल्याचा कडवट वास, आणि त्यात सगळ्यांचा ओरडा. मेंढरांनीच थांबून ऐकावं इतका.

मी एन होते, आणि कमळ ओ. तिचा ओ बांगडी ठेवून काढल्यासारखा गोल यायचा, म्हणून सरांनी तिला ओची पाटी दिली होती. आता नॉटमधून दरवेळी जाणार कोण, तर ओच. सरांनी टाळी वाजवायच्या आधीच पोरं ओरडायला लागली, "ओ, भायेर! ओ, भायेर!" पहिल्या दिवशी कमळ हसत गेली. दुसऱ्या दिवशी न हसता गेली. तिसऱ्या दिवशी तिनं दाराबाहेर जाऊन पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि ती परत आतच आली नाही. तास संपेपर्यंत मला वाटत होतं, बाहेर उन्हात बसली असेल.

चौथ्या दिवशी शाळेत आली नाही. पाचव्या दिवशीही नाही.

शनिवारी शाळा सकाळची होती. सुटल्यावर शिकलगार सर मला म्हणाले, "तुला कमळचं घर माहीत आहे ना? चल." त्यांनी सायकल हातात धरली आणि आम्ही चालत निघालो. वाटेत बोरीखालची बोरं वेचायचंही मला सुचलं नाही.

कमळची आई दारात ज्वारी पाखडत होती. घर एका खोलीचं, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिला ताज्या फुलांचा हार. कमळ आत चुलीशी बसली होती. तिनं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"अक्का, पोर शाळेत का येत नाही?" सरांनी विचारलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. आवाज चढवला नाही. "आवं मास्तर, तुमच्या शाळंत म्हनं पोरीला भायेर काढायचा खेळ हाय."

"खेळ अक्षरांचा आहे, अक्का. ती ओ होते, आणि ओ..."

"ते तिनं सांगितलं मला. आक्षराचं मला काय कळत न्हाई. पर आमी लय वरसं भायेर हुबं ऱ्हायलोय, मास्तर. देवळाच्या भायेर, हिरीच्या भायेर. हिच्या बापानं हिला शाळंत घातली ती आत बसाय. सगळी शाळा 'भायेर' म्हनून वरडती, आन पोर पाटी घिऊन भायेर जाती. ती घरी यीऊन रडली न्हाई, मास्तर. रडली असती तर मी समजावली असती."

 सरांच्या पँटची क्लिप तशीच होती आणि ते तिच्याकडेच बघत उभे होते. मग म्हणाले, "चुकलं माझं. माझ्या ध्यानात आलं नाही. यायला पाहिजे होतं."

मला तेव्हा कुठं कळलं. साताऱ्याहून आलेली मी, इतकी शहाणी समजायचे स्वतःला, आणि मला कळलं नव्हतं. मी आत जाऊन कमळशेजारी बसले.

"तू बी वरडत हुतीस," ती चुलीकडे बघत म्हणाली.

"हो."

"सगळ्यांत मोठ्यानं."

"हो," मी म्हणाले.  मग तिनं राखेत भाजलेला एक कांदा काढला, फुंकला, आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. हात पोळला, पण मी तो टाकला नाही.

बाहेर तिच्या आईनं सरांना पाणी दिलं, मग बिनदुधाचा चहा दिला. सर तिथंच ओट्यावर बसून तो प्याले आणि म्हणाले, "कमळ, सोमवारी येशील का? ओची पाटी मी दुसऱ्याला देतो."

कमळ दारात आली. तिचे ते मोजणारे डोळे तिनं सरांवर लावले. "यीन. पर कुनाला भायेर काढायचं ते मी सांगनार."

"कबूल," सर म्हणाले.

सोमवारपासून खेळाची टाळी कमळच्या हातात आली. ती फळ्याशी छडी घेऊन उभी राहायची, आणि सरांनासुद्धा तिनं सोडलं नाही. त्यांच्या हातात एची पाटी दिली, आय आणि एम अशी दोन मुलं उभी केली आणि टाळी वाजवली, "आय ॲम! ए, भायेर!" सर गंभीर चेहऱ्यानं पाटी घेऊन व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. नेमके तेव्हाच हेडमास्तर फेरी मारत आले.

"शिकलगार, वर्ग सोडून बाहेर काय करताय?"

"सर, मी ए आहे."

"काय?"

"ए आहे, सर. मला कमळनं बाहेर काढलंय."

आम्ही आत तोंडात पदर, रुमाल, वह्या, हाताला येईल ते कोंबलं होतं. हेडमास्तरांनी आत डोकावून पाहिलं, पाट्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, परीक्षेत असलं तोडकं लिहिलं तर मार्क कापतात. आणि पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब यायचेत. पूर्ण लिहायला शिकवा. डू नॉट. कॅनॉट. स्वच्छ." सर "हो" म्हणाले. तुम्ही अजून कायम झालेला नाहीत, हेही हेडमास्तर जाता जाता म्हणाले, आणि ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

त्या रविवारी कमळ आणि मी तिच्या ओट्यावर पाट्या मांडून बसलो होतो. विल नॉटचं वोन्ट होतं, एवढं सरांनी सांगितलं होतं, पण तो शब्द अजून खेळात आला नव्हता. कमळनं सात पाट्या ओळीनं लावल्या. मग आय काढली, एक एल काढली, दुसरी एल काढली. हात थांबला. तिनं ओची पाटी उचलली, एनच्या पलीकडून अलीकडे आणली आणि डब्ल्यूच्या शेजारी ठेवली. मग एकदम मागं सरकून बसली.

"आगं," ती म्हणाली, "हितं ओ भायेर जात न्हाई. फुडं येतोय."

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. खरंच होतं.

"सरांना सांगू या?"

"गप. साहेबांच्या फुडंच दाखवू."

साहेब जीपमधून आले. काळा कोट, जाड चष्मा, हातात लांबट वही. हेडमास्तरांनी आम्हाला गाईवरचा निबंध पाठ करायला लावला होता. साहेबांनी दोन ओळी ऐकल्या आणि त्यांचं लक्ष कोपऱ्यात रचलेल्या पाट्यांकडे गेलं. सगळ्यांत वरच्या पाटीवर भली मोठी ऊ होती.

"हे काय?"

हेडमास्तर सरांकडे बघायला लागले. सरांनी साहेबांना खेळ समजावून सांगितला. आवाज नेहमीसारखा नव्हता. साहेब म्हणाले, "दाखवा."

कमळ उठली. तिनं सात जणांना पाट्या दिल्या. म्हणजे सहा जणांना दिल्या आणि ओची पाटी स्वतः छातीशी धरून माझ्या पलीकडे उभी राहिली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. सर एक पाऊल पुढं आले आणि थांबले. वर्गात कुणी 'भायेर' म्हणालं नाही. त्या शांततेत नेमकी मेंढरं जायला लागली आणि आम्ही सगळे सवयीनं थांबलो. साहेबही थांबले. घंटा लांब गेल्या, तशी कमळनं मानेनं खूण केली. आय गेला, एक एल गेला, दुसरा एल गेला. तिघं पोरं मुकाट्यानं बाहेर. आणि कमळ माझ्या समोरून चालत, पाटी सरळ धरून, पुढे जाऊन डब्ल्यूच्या शेजारी उभी राहिली. तुका ऊ घेऊन धावला.

"वोन्ट!" वर्ग ओरडला. कौलं हलली असतील.

साहेबांनी चष्मा काढला. "पण हा ओ पुढे का आला?"

"ठाऊक न्हाई साहेब," कमळ म्हणाली. "सगळ्या शब्दांत भायेर जातोय. ह्या एकात फुडं येतोय."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर ताठ उभे राहिले, पलटणीत राहत असतील तसे. "आय डोन्ट नो, सर. आय विल फाइंड आउट."

"मग 'आयल' म्हणा की," साहेब म्हणाले. "मुलांना शिकवता आणि स्वतः पूर्ण बोलता?"

आधी हेडमास्तर हसले. मग आम्हाला हसायची परवानगी मिळाल्यासारखं झालं. हसू ओसरल्यावर साहेबांनी कमळला विचारलं, इंग्रजीतूनच, अगदी सावकाश, "अँड यू? विल यू गो आउट?"

ती जागची हलली नाही. "नो सर. आय वोन्ट."

सर खिडकीकडे वळून काहीतरी बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, रिकामं मैदान होतं.

पुढं सर कायम झाले, पण उन्हाळ्यात त्यांची लोणंदला बदली झाली. एसटी सुटताना आम्ही तीस जण स्टँडवर ओरडत होतो, "डोन्ट गो! डोन्ट गो!" आणि ते खिडकीतून हात हलवत ओरडत होते, "आय मस्ट!" मस्टमधून काहीच गळत नाही, हे आम्हाला तेव्हा नीट कळलं.

नववीत असताना वर्गाच्या नावे त्यांचं कार्ड आलं. लोणंदला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे जाडजूड शब्दकोश होता, त्यात त्यांना उत्तर सापडलं होतं. फार जुन्या काळी इंग्रज लोक विलला 'वोल' असंही म्हणायचे. पुढं सगळीकडे विल झालं, पण वोन्टमध्ये ते जुनं रूप राहून गेलं. शेवटची ओळ होती: 'कमळला सांगा, ओ पुढे आला नव्हता. तो पहिल्यापासून तिथंच होता.'

नव्या सरांनी ते कार्ड मोठ्यानं वाचलं. कमळनं ते मागून घेतलं, स्वतः एकदा वाचलं आणि परत दिलं. "मंग बरोबर हाय," एवढंच म्हणाली, आणि भूगोलाचा नकाशा रंगवायला लागली.

त्या वर्षानंतर वडिलांची बदली सांगलीला झाली. थोडे दिवस कमळची पत्रं आली, मग माझी उत्तरं जाईनात, मग दोन्ही थांबलं. का, ते आता आठवत नाही. भांडण झालं नव्हतं. त्या वयात माणसं अशीच हातातून निसटतात.

साठचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याला शिक्षिका व्हायचं शिक्षण घेत होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. एका सकाळी सांगलीहून तार आली. वडील उंचावरून पडले होते, पाठीच्या कण्याला मार लागला होता, ऑपरेशन झालं होतं. तारेत आणखी काही नव्हतं. पुढची एसटी दुपारची होती. मी तार ऑफिसात जाऊन दवाखान्यात ट्रंक कॉल लावला आणि बाकावर बसून राहिले. ते बाक, डिंकाचा आणि शाईचा वास, यंत्राची कडकट्ट, आणि दर पाच मिनिटांनी माझं विचारणं, "लागला का?" तिथला कारकून शेवटी माझ्याकडे बघायचंच टाळू लागला.

दोन तासांनी त्यानं काचेच्या खोपट्याकडे बोट दाखवलं. मी आत शिरून रिसीव्हर कानाला लावला. काळा, जड, शेकडो लोकांच्या श्वासांचा वास लागलेला. खरखर, खरखर, आणि त्यातून एका नर्सबाईंचा आवाज. त्या कुठल्या लांबच्या मुलखातल्या होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं. मी वडिलांचं नाव सांगितलं, इंग्रजीतून विचारलं, पायांचं काय?

"यस, यस. डॉक्टर सॉ. ही क्यान... मूव्ह हिज लेग्ज."

क्यान म्हणाल्या की क्यान्ट? शेवटचा टी होता, की नव्हता? त्यांच्या बोलण्यात दोन्ही सारखंच येत होतं आणि तो एवढासा टी, असलाच तर, खरखरीत बुडाला होता. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. "क्यान... मूव्ह." मी रिसीव्हर कानावर आणखी दाबला. मला 'कॅन की कान्ट' असं विचारायचं होतं, पण त्या खरखरीत तेही दोन्ही सारखंच ऐकू गेलं असतं. त्या एका अक्षरावर वडिलांचं सगळं चालणं लटकलं होतं. डबा घेऊन दवाखान्याला निघणं, बाजारातून पिशवी हलवत येणं, सगळं.

तेवढ्यात मधेच तिसरा आवाज आला. सांगलीच्या टेलिफोन ऑपरेटरबाईंचा. स्वच्छ, खणखणीत.

"सिस्टर, वन मिनिट. डोन्ट से इट शॉर्ट. से इट फुल. ही कॅन, ऑर ही कॅन नॉट?"

खरखर.

"कॅन!" नर्सबाई ओरडल्या. "ही कॅन! बोथ लेग्ज! बोथ!"

मी काचेला टेकून उभी राहिले. रडू इतकं जोरात आलं, की बाहेरचा कारकून उठून उभा राहिला.

"ऐकलंस का गं?" ऑपरेटरबाई म्हणाल्या, आणि आता त्या इंग्रजी बोलत नव्हत्या. "दोनी पाय हलत्यात काकांचं. आता रडू नगं, लायनीवर पानी सांडतंय."

मी हुंदकाच गिळला. "कोण? कोण बोलतंय?"

"आगं, मी कमळ. आटपाडीची. नाव ऐकलं तवाच वळाखलं, दुसऱ्या कुनाचा बा आसनार ह्यो."

"कमळ? तू तिथं कशी?"

"दीड वरीस झालं की. यस्सेस्सी झाले, परीक्षा दिली, लागले. तू ये आता दुपारच्या गाडीनं. मी ड्युटी सुटली की दवाखान्यात जाते, तुझ्या आईपाशी बसते." मग पलीकडे कुणाची तरी चाहूल लागली असावी, कारण तिचा आवाज एकदम इस्त्री केल्यासारखा झाला. "युअर टाइम इज अप, मॅडम. थँक यू." आणि कट्ट.

कारकुनानं विचारलं, "वाईट बातमी का हो?" मी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, त्याला समजलं नसावं, कारण त्यानं मला पाणी आणून दिलं.

त्या लग्नाहून परत येताना एसटीतून मी कमळला फोन लावला. सांगलीलाच असते ती, निवृत्त होऊन किती वर्षं झाली. शाळा पाहिल्याचं सांगितलं, खोलीतल्या मोडक्या बाकांचं सांगितलं. ती म्हणाली, कांदा अर्धा नव्हता दिला, अख्खा दिला होता. मी म्हणाले, अर्धाच. विट्यापर्यंत आम्ही त्यावर भांडलो. मग ती विषय बदलून दवाखान्यातल्या त्या सकाळीवर आली, कारण ती गोष्ट दोघींना सारखीच आठवते.

ऑपरेशनला आठ-दहा दिवस झाले होते. डॉक्टरांनी वडिलांना चालवायला सांगितलं होतं. आई धीर धरून पलंगाच्या टोकाला उभी होती. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं कमळनं. ती तशीच ड्युटीवरून आली होती, कानावर हेडफोनच्या पट्टीचा वळ होता. लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, खिडक्यांतून आत आलेलं कोवळं ऊन. टोकाला त्याच नर्सबाई हात पुढे करून थांबल्या होत्या, लहान मुलाला बोलवावं तशा. वडिलांनी एक पाय उचलला, ठेवला. कपाळावर घाम आला. आणि त्यांना एकाएकी काय वाटलं कुणास ठाऊक, नर्सबाईंना कळावं म्हणून ते आपल्या कंपौंडरी इंग्रजीत बोलायला लागले.

"आय," ते म्हणाले, आणि थांबले.

दुसरा पाय उचलला. "ॲम."

कमळ हसून म्हणाली, "काका, 'आयम' म्हना. पटकन व्हतंय."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. "नको गं," ते म्हणाले. "एकेका शब्दाला एकेक पाऊल पडतंय. मला सगळे शब्द पाहिजेत."

आणि त्यांनी तिसरं पाऊल टाकलं.